चिबड कोपऱ्यात सेज लावताना आधी पाण्याचं वेळापत्रक बघा

सेज (sedge) म्हणजे बहुतेकदा ओल्या जागी वाढणारी, गवतासारखी दिसणारी वनस्पती. एका ताईंनी तिच्याविषयी विचारलंय, तो प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. ताईंचं घर शिकागोच्या पश्चिमेला, चिकणमातीच्या उपनगरात आहे. मागच्या अंगणाचा एक कोपरा चिबड. छताच्या दोन पन्हळींचं पाणी तिकडे वळवलेलं आणि तळघरात झिरपलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या सम्प पंपाचा पाइपही तिथेच सुटतो. मे उजाडेपर्यंत तिथे गवत कापायचं यंत्र घालता येत नाही, चाक रुततं. मागच्या वर्षी त्यांनी दोन प्रयत्न केले. मे महिन्यात फॉक्स सेजच्या बियांचं पाकीट पेरलं, वर अर्धा इंच कंपोस्ट पसरलं. एक कोंबही आला नाही. जूनमध्ये टसॉक सेजची वीस रोपं आणून उताराच्या तळापासून वरपर्यंत लावली. ऑगस्टपर्यंत वरची अकरा वाळली, खालची नऊ जगली. मधेच भारतातून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, पैसे मोजून लव्हाळा कशाला लावतेस?" आता ताई विचारतात: चूक कुठे झाली, कोणती सेज लावू, बी की रोपं, आणि डास होतील का?

सासूबाईंचं आधी बघू, कारण त्यांची नजर चुकलेली नाही. सेज आणि आपला लव्हाळा एकाच घराण्यातले. देठ दोन बोटांत धरून फिरवून बघा, तीन कडा लागतात. गवताचं काडं गोल, पोकळ, मधे पेरं असलेलं. सेजचा देठ भरीव, तिधारी, आणि पानं तीन दिशांना. पण लव्हाळ्याचा जो त्रास आपल्याकडच्या शेतकऱ्याने भोगलाय तो त्याच्या जमिनीतल्या गाठींचा आहे. एक गाठ खुरप्याने तोडली की दोन होतात. इथे आपण जी सेज लावणार ती त्या घराण्यातल्या कॅरेक्स या गटातली, तिला तशा गाठी नसतात. बहुतेक जाती ठोंब करून राहतात, काही जमिनीखालच्या धावत्या खोडांनी पसरतात, त्यांचं पुढे सांगतो. इथल्या लॉनमध्ये जूनच्या उन्हात एकदम वर येणारी पिवळट हिरवी, चकचकीत पानांची यलो नटसेज मात्र लव्हाळ्याची सख्खी बहीण. तिला गाठी असतात, ती दिसली की लहान असतानाच काढा. म्हणजे तिधारी देठ बघून लगेच "आपलीच सेज" म्हणून खूश व्हायचं नाही. कॅरेक्सचा हंगाम थंडीचा आहे: एप्रिलमध्ये हिरवी होते, मे-जूनमध्ये फुलते, भर उन्हाळ्यात नुसती उभी राहते आणि सप्टेंबरात पुन्हा वाढीला लागते. जूनअखेर जोमाने वाढणारं काही दिसलं तर संशय घ्यावा.

आता मुख्य गोष्ट. वरची अकरा गेली, खालची नऊ राहिली, हे तुम्ही लिहिलंत तिथेच निदान झालं. टसॉक सेज ही कायम ओल्या कुरणातली वनस्पती. तिला पावसाचं पाणी आलं आणि दोन दिवसांत गेलं असं चालत नाही. उन्हाळाभर मुळाशी ओल लागते. तुमच्या कोपऱ्याचा तळ सम्प पंपामुळे ओला राहतो, तिथे ती जगली. वरचा उतार जुलैत भेगाळला, तिथे ती गेली. रोपं वाईट नव्हती, तुमचा हातही वाईट नाही. जागा एक दिसते, पण त्या दोन जागा आहेत.

नर्सरीच्या पाटीवर "ओलसर जमीन" एवढंच लिहिलेलं असतं, आणि तिथेच सगळे फसतात. मीही फसलोय. सुरुवातीच्या वर्षांत एका शाळेमागच्या खड्ड्यात मी एप्रिलमध्ये घोटाभर पाणी पाहिलं आणि लेक सेजची दोनशे रोपं लावून मोकळा झालो. तो खड्डा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वीट झाला होता. पाणी किती येतं हे मी पाहिलं, जातं कधी हे पाहिलंच नाही. त्यानंतर कोणत्याही जागेला मी रोपाआधी काठी लावतो. बांबूची एक काठी, त्यावर दर इंचाला रेघ, कोपऱ्याच्या सगळ्यात खोल भागात रोवायची. मार्चअखेरपासून प्रत्येक मोठ्या पावसानंतर कॅलेंडरवर लिहायचं: किती इंच चढलं, कितव्या दिवशी उतरलं. पाणी दिसेनासं झालं की मूठभर माती काढून दाबायची. पाणी ठिबकलं तर संपृक्त, नुसता गोळा झाला तर ओली, वाफसा आला असेल तर गोळा बोटाने फुटतो. हा शब्द इथल्या लोकांना समजावताना माझी तारांबळ उडते, तुम्हाला समजवायला नको.

दुसरी खूण जमिनीत असते. फावड्याने फूटभर खोल एक चौकोन कापून बाजूला ठेवा आणि त्याची कड बघा. माती राखाडी, निळसर झाक असलेली आणि तिच्यात नारिंगी-तांबूस ठिपके असतील तर ती जागा बहुधा वर्षातले बरेच आठवडे संपृक्त असते, या वर्षी कोरडी दिसली तरी. पाण्याने हवा कोंडली की मातीतलं लोखंड विरघळतं आणि रंग उडतो. जिथे मुळाच्या वाटेने हवा शिरते तिथे त्याचा गंज चढतो. हे मी पहिल्यांदा इथे पुस्तकात वाचलं तेव्हा हसू आलं, कारण आजऱ्याकडे भाताचा ठोंब उपटला की मुळांवर हाच तांबूस थर दिसायचा आणि आम्ही तो चिखलाचा रंग समजायचो. भात आणि सेज दोघांच्या पानापासून मुळापर्यंत हवेच्या नळ्या असतात. वरून हवा खाली जाते, मुळाच्या टोकाला थोडी बाहेर पाझरते, म्हणून मुळाभोवती गंज. पुरात लव्हाळे वाचतात ते नुसते वाकतात म्हणून नाही, त्यांच्याकडे श्वासाची नळी आहे. मात्र त्या नळीचं तोंड पाण्याबाहेर हवं. नव्याने लावलेलं चार-पाच इंचाचं रोप आठवडाभर पूर्ण बुडालं तर सेज असूनही गुदमरतं. पाणथळातली म्हणून बुडवून ठेवायची, हा गैरसमज मी दरवर्षी कुठे ना कुठे पाहतो.

तर तुमच्या कोपऱ्याचे दोन भाग करा. वरचा उतार म्हणजे रेन गार्डन: छताचं पाणी येईल, साठेल, दिवसा-दोन दिवसांत जिरेल, मग कोरडं. खालचा तळ म्हणजे छोटं ओलं कुरण. रेन गार्डन ही कल्पना १९९० च्या सुमारास मेरीलँडच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत एका नव्या वसाहतीत रुजली. गटारांच्या जाळ्याऐवजी प्रत्येक घरामागे उथळ खळगा करून पाणी तिथेच मुरवायचं. तिथल्या आणि तुमच्या मातीत फरक पडला तरी हिशेब तोच. छताच्या १००० चौरस फुटांवर एक इंच पाऊस पडला तर सुमारे ६२३ गॅलन पाणी होतं, म्हणजे साधारण २३५० लिटर. आपल्याकडच्या पाच हजार लिटरच्या टँकरचा जवळजवळ अर्धा. हे सगळं सामावायला चार इंच खोलीचा खळगा अडीचशे चौरस फुटांचा लागतो, सहा इंच खोलीचा पावणेदोनशेच्या आत. चिकणमातीत खोल खणायचा मोह टाळा. खळगा करण्याआधी आठ-दहा इंचांचं भोक पाडून पाण्याने भरा, ते एकदा जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी तासाला किती उतरतं ते पट्टीने मोजा. तासाला पाव इंच उतरलं तर सहा इंचांचा खळगा चोवीस तासांत रिकामा होतो. इंचाचा दहावा भागच उतरला तर त्याच सहा इंचांना अडीच दिवस लागतात; मग खोली तीन-चार इंचांवर आणा आणि रुंदी वाढवा. घराच्या पायापासून किमान दहा फूट दूर, सेप्टिकच्या वर नाही, आणि फावडं घालण्याआधी ८११ ला फोन. जमिनीखालच्या गॅस आणि विजेच्या वाहिन्या फुकट खुणा करून देतात. कोपऱ्याला लागून खरीच नैसर्गिक पाणथळ असेल तर तिथे खणण्याआधी काउंटीला विचारा. पाणथळात भराव किंवा खोदकाम करायला परवानगी लागू शकते आणि नंतरचं निस्तरणं महाग पडतं.

आता जाती. शेजारच्या एकट्या विस्कॉन्सिन राज्यात कॅरेक्सच्या दीडशेच्या आसपास जाती आहेत, तुमच्या इलिनॉयतही साधारण तेवढ्याच, त्यातल्या तुम्हाला पाच-सहा पुरेत. उतारावर फॉक्स सेज, बेब्ज सेज, आणि अगदी वरच्या काठावर जरा कोरडं सोसणारी ब्रेव्हियर किंवा बिकनेल सेज. फॉक्स सेज म्हणजे या कामातला आपला इंद्रायणी तांदूळ, कुठेही लावा, हात देते. तिच्या पानाच्या बुडाशी जे आवरण असतं त्याची पुढची बाजू भिंगाने बघा, चुरगळून सरळ केलेल्या पातळ कागदासारखी आडव्या सुरकुत्यांची असते. जूनमध्ये तपकिरी होणारं कणीस कोल्ह्याच्या शेपटीसारखं, म्हणून नाव. पण एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत: फॉक्स सेज फार जगत नाही. उघड्या चिखलावर पहिल्यांदा येऊन जागा धरणारी ती जात आहे. चार-पाच वर्षांत इतर झाडं दाटली की विरळ होते. त्यामुळे सगळा उतार तिनेच भरला तर पाचव्या वर्षी टक्कल पडतं आणि त्या टकलात तण घुसतं. मी तिला निम्म्यापेक्षा जास्त जागा कधी देत नाही. कोपऱ्यात झाडाची सावली पडत असेल तर ग्रेज सेज लावा. तिची फळं काटेरी गदेसारखी असतात, मुलांना फार आवडतात. पाम सेजही सावलीत छान, दुरून छोट्या बांबूच्या बेटासारखी दिसते.

तळात तुमची टसॉक सेज तशीच ठेवा. जगलेली नऊ म्हणजे मोठं भांडवल आहे. तिच्या सोबतीला पॉर्क्युपाइन सेज आणि ब्रिस्टली सेज, दोघींचीही कणसं बाटली धुवायच्या ब्रशसारखी. लेक सेज घरच्या कोपऱ्यात आणू नका. ती जमिनीखालून धावते आणि तीन वर्षांत शेजाऱ्याच्या कुंपणाखाली पोचते. एकरभर जागा असेल तर उत्तम, वीस फुटांत डोकेदुखी.

टसॉक सेजवर जरा थांबतो, कारण माझं तिच्यावर प्रेम आहे. ती दरवर्षी जुन्या पानांवर आणि मुळांवर नवी मुळं टाकत स्वतःच उंच होत जाते, गुडघाभर, कधी कमरेच्या आसपास. जुन्या कुरणात गेलं की पाण्यात केसाळ डोकी उभी असल्यासारखे शेकडो ठोंब दिसतात. त्या उंचवट्याच्या अंगाखांद्यावर दुसऱ्या वनस्पती रुजतात, कारण तिथे मुळांना हवा मिळते आणि पाणीही हाताशी असतं. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या विद्यापीठात या ठोंबांचा बारकाईने अभ्यास झाला आहे. एका ठोंबाचा पृष्ठभाग, बाजू आणि बूड, असे वेगवेगळे थर वेगवेगळ्या झाडांना घर देतात. असा उंचवटा उभा राहायला दशकं लागतात. म्हणून जुन्या सेज कुरणावर जेसीबी फिरवला आणि शेजारी "तेवढंच नवीन करून देतो" म्हटलं की माझं डोकं फिरतं. विस्कॉन्सिनमधली मूळची पाणथळ आता निम्म्याच्या आसपास उरली आहे, इलिनॉयमध्ये त्याहून फार कमी. तुमचं उपनगर बहुधा जुन्या ओल्या कुरणावरच बसलंय. शंभरेक वर्षांपूर्वी शेतकऱ्यांनी भाजलेल्या मातीच्या नळ्या जमिनीत पुरून ते पाणी काढलं, घरं बांधताना त्या नळ्या फुटल्या आणि पाणी आपल्या जुन्या जागी परत आलं. तुमचा सम्प पंप एप्रिलभर धावतो तो यामुळे असू शकतो.

बियांचं काय झालं ते सांगतो. फॉक्स सेजच्या एका औंसात सुमारे एक लाख बिया असतात, म्हणजे खसखशीसारखं बारीक बी. त्यावर अर्धा इंच कंपोस्ट म्हणजे कब्रस्तान. या बिया उजेड पडल्याशिवाय आणि दिवस-रात्रीच्या तापमानात फरक जाणवल्याशिवाय उगवत नाहीत. त्यांचा हिशेब साधा आहे: उजेड आहे आणि दिवसा ऊन, रात्री गार आहे म्हणजे आपण उघड्या चिखलावर आहोत, वर कोणाची सावली नाही, आता निघायला हरकत नाही. त्याआधी ओल्या थंडीत दोनेक महिने गेलेले हवेत. मटकीला मोड आणायला आपण फडक्यात बांधून उबेला ठेवतो, इथे बरोबर उलट: ओल्या वाळूत मिसळून, झिपच्या पिशवीत, फ्रिजच्या तळाच्या कप्प्यात साठ दिवस. पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आमच्याकडे एकदा ती पिशवी खराब झालेला रवा समजून कचऱ्यात गेली होती, तीन जातींचं बी एका झटक्यात.

याहून सोपी पद्धत दुधाच्या गॅलनच्या पांढऱ्या कॅनची. कॅन मधून आडवा कापा, एका बाजूने बिजागरीसारखा जोडलेला ठेवा, बुडाला भोकं पाडा, चार इंच कुंडीची माती भरा, पाणी घालून बी वर नुसतं भुरभुरवा आणि तळहाताने दाबा. माती लोटायची नाही. झाकण चिकटपट्टीने बंद करा, बूच काढून टाका, आणि जानेवारीत कॅन अंगणात बर्फात ठेवून द्या. पुढचं काम थंडी करते. एप्रिल-मेमध्ये हिरवी लव फुटली की झाकण उघडायचं, माती सुकू द्यायची नाही. रोपं आधी अगदी बारीक, केसासारखी दिसतात, गवत समजून उपटू नका. एका कॅनमधून पन्नास-साठ रोपं सहज निघतात. तरवा उपटून जसा तीन-चार काड्यांचा चूड लावतो तसं चार-चार रोपं एकत्र उचलून छोट्या कुंडीत लावा. एकेकटं लावण्यापेक्षा लवकर ठोंब धरतो.

तुमचं मागच्या वर्षीचं पाकीट मात्र वाया गेलं असं अजून म्हणू नका. मार्चपर्यंत ते बी ओल्या मातीत एक अख्खा हिवाळा काढेल, आणि सेजचं बी जमिनीत वर्षानुवर्षं तग धरतं. मार्चअखेर त्या जागेवरचं कंपोस्ट हलक्या दाताळ्याने ओढून काढा, पेरलेला थर उघडा पडेल एवढंच. खणू नका. माझा एक ट्रे असाच "मेला" म्हणून शेडमागे उपडा केला होता. पुढच्या मेमध्ये त्या उपड्या मातीवर हिरवा गालिचा आला.

टसॉक सेजच्या सुक्या साठवलेल्या बियांवर मात्र भरवसा ठेवू नका. तिचं बी जूनमध्ये पिकतं, थोडेच दिवस देठावर राहतं आणि सुकवून ठेवलं की लवकर निकामी होतं. तुमच्या नऊ ठोंबांचे दोन वर्षांनी तुकडे करा. एप्रिलच्या सुरुवातीला ठोंब खणून जुन्या सुरीने चार भाग, प्रत्येक भागाला तीन-चार कोंब आणि मुळांचा झुपका. नऊचे छत्तीस होतात आणि तुमच्या तळाला तेवढे पुरतात.

आणि वाहत्या पाण्याच्या तोंडाशी बी कधीच पेरू नका. कॅरेक्सचं बी एका बारीक फुगीर पिशवीत असतं, ती पाण्यावर तरंगते; नदीकाठी पसरायला निसर्गाने केलेली सोय. तुमच्या खळग्यात पहिल्या पावसात सगळं बी काठाला जाऊन कडेने हिरवी गोल रांगोळी उमटेल आणि मधे चिखल राहील. पन्हळीच्या तोंडाशी वाटोळे दगड अंथरा, त्याच्यापुढे रोपंच लावा.

रोपं लावायची ती एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, नाहीतर ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. त्यानंतर लावलेली रोपं मूळ धरण्याआधी जमीन गोठते-वितळते आणि फेब्रुवारीत ती बुचासारखी वर उचललेली सापडतात. अंतर एक फूट. अडीचशे चौरस फुटांना अडीचशे रोपं ऐकून छातीत धडकी भरेल, पण त्यातली निम्मी सेज आणि बाकी फुलझाडं: स्वॅम्प मिल्कवीड, ब्लू फ्लॅग आयरिस, ग्रेट ब्लू लोबेलिया, गोल्डन अलेक्झांडर. नुसती सेज लावली की अंगण ओसाड शेतासारखं दिसतं, हे मी सेजवेडा असूनही कबूल करतो. मिल्कवीडवर मोनार्कच्या अळ्या येतील, आणि सेजच्या पानांवर आइड ब्राउनसारख्या फुलपाखरांच्या. त्या आल्या की मला कळवा. खत घालू नका. पालापाचोळा किंवा लाकडाच्या चिपा पहिल्या वर्षी दोन इंच चालतील, पण चिपा पाण्यावर तरंगून रोपांच्या डोक्यावर बसतात, म्हणून तळात नकोत. तळात रोप लावून झालं की सम्प पंपाचं पाणी तीन-चार आठवडे दुसरीकडे वळवता आलं तर बघा, साध्या लवचीक पाइपने होतं. पानांची टोकं पाण्याबाहेर राहिली पाहिजेत.

जवळ तळं असेल तर कॅनडा गूज येणारच. हा पक्षी रोप खात नाही तेवढं उपटून फेकतो. पहिले दोन महिने रोपांवर फूटभर उंचीने सुतळीची जाळी बांधा, त्यांना उतरायला जागा मिळत नाही. हरणं सेजच्या वाटेला सहसा जात नाहीत.

खरा शत्रू रीड कॅनरी ग्रास. एप्रिलमध्ये बाकी सगळं तपकिरी असताना जे हिरवंगार, रुंद पानांचं गवत पाणथळात आधी उठतं ते हेच असण्याची शक्यता फार. पान देठाला मिळतं तिथे आतल्या बाजूला पातळ पांढरा पापुद्रा असतो, आणि काडं गोल. बोटांनी फिरवलं की कळतं. त्याला गाळ आणि खत हवं असतं, म्हणून जिथे रस्त्याचं, लॉनचं पाणी घुसतं तिथे ते सेजला हुसकावतं. मॅडिसनच्या आर्बोरेटममधल्या (विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानातल्या), १९३० च्या दशकात उभ्या केलेल्या प्रसिद्ध प्रेअरीलाही, म्हणजे गवताळ रानालाही, शहराच्या पावसाळी पाण्याने हा त्रास दिलाय. तुमच्या लॉनवर खत मारणारी माणसं येत असतील तर त्या कोपऱ्याच्या वीस फुटांत त्यांना फिरकू देऊ नका. ड्राइव्हवेचं मिठाचं पाणीही तिकडे नको. मिठाची आवड असलेली एक सेज आहे बरं का, पश्चिमेकडची, शिकागोच्या महामार्गांच्या कडेने मिठाच्या पाण्यावर पसरत आली. तिला लोक एक्सप्रेसवे सेजच म्हणतात. ती आपोआप आली तर येऊ द्या, तुम्ही आणू नका.

देखभाल पहिली दोन वर्षं कंटाळवाणी आहे, यात गोड बोलण्यात अर्थ नाही. पहिल्या वर्षी तण सहा इंचांवर कापत राहायचं, सेज त्याखाली मुळं वाढवते. दुसऱ्या वर्षी हाताने निंदणी. तिसऱ्या वर्षी पानं एकमेकांना टेकली की काम वर्षातून एकदाच: मार्चमध्ये नवे कोंब यायच्या आत जुनी पानं तीन-चार इंचांवर कापून उचलायची. शरद ऋतूत कापू नका, वाळकी पानं हिवाळ्यात किड्यांचं पांघरूण असतात.

शेजारी आणि वसाहतीच्या समितीसाठी एक युक्ती: कडेने दोन फुटांची पट्टी नेटकी कापलेली ठेवा आणि एक छोटी पाटी लावा. तीच झाडं, पण कड कापलेली असली की लोकांना बाग दिसते, नाहीतर निष्काळजीपणा. एका गिऱ्हाइकाला तण माजवल्याची नोटीस आली होती; पट्टी कापली, पाटी लावली, पुढच्या तपासणीला शेरा नाही.

डासांचं: अंड्यापासून उडणारा डास व्हायला उन्हाळ्यात आठवडाभर तरी लागतो. उतारावरचं पाणी दोन दिवसांत जिरतं, तिथे प्रश्नच नाही. तळात जुलैमध्ये आठवड्याहून जास्त उघडं पाणी दिसलं तर बीटीआयची (एका जिवाणूपासून केलेली) गोळी टाका, ती डासांच्या अळ्यांवर चालते आणि बेडकांना, मधमाश्यांना त्रास देत नाही. तुमच्याकडे खरे डास बहुधा पन्हळीत अडकलेल्या पानांच्या कुजक्या पाण्यात होतात. शिडी लावून एकदा बघा.

दुकानाविषयी सावध राहा. "सेज" म्हणून पांढऱ्या पट्ट्यांची जी शोभेची कुंडी मिळते ती बहुतेकदा जपानी जात असते. मला एका पुरवठादाराने स्थानिक म्हणून तीच चाळीस दिली होती, पाटी बदलून. लॅटिन नाव लिहून नेऊन तेच मागा, आणि बी किंवा रोप कोणत्या राज्यातलं आहे हे विचारा. भारतातून गाठ किंवा मुळं आणायचा विचार कोणी करत असेल तर नको. सरकारी परवानगी आणि प्रमाणपत्राशिवाय ते कायद्यात बसत नाही, आणि लव्हाळ्याची गाठ इथे सुटली तर शेजारी दुवा देणार नाहीत.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांनी यातल्या जाती उचलू नयेत. आपल्याकडे चार महिने धो-धो आणि आठ महिने कोरडं, तिथलं वेळापत्रकच वेगळं. काठी रोवणं, मूठभर माती दाबून बघणं आणि पाणी कधी जातं ते लिहिणं, एवढं मात्र जसंच्या तसं चालेल. जाती ओढ्याकाठी स्वतःहून उगवलेल्यांतूनच निवडाव्यात, गाठी करणारा लव्हाळा वगळून.

तर ताई, या मार्चला एवढं करा: कंपोस्ट ओढून काढा, तळात काठी रोवा, उतारावर भोक पाडून पाणी मोजा, आणि कॅनमध्ये बेब्ज सेज पेरायची असेल तर आत्ता जानेवारीतच पेरा. मेअखेरच्या नोंदी आणि उताराची लांबी-रुंदी कळवा, मग रोपांचा आकडा सांगतो. त्याआधी एकही रोप विकत घेऊ नका.